भावंडाच्या शोधाचे दोन खेळ



संगणकावरच्या आणि मोबाईलवरच्या खेळांचा विषय निघाला की घरात लगेच दोन तट पडतात. मुलांच्या मते सगळे खेळ चांगले, मोठ्यांच्या मते सगळे वाईट. मुले खेळाच्या आत बसलेली असतात आणि मोठी माणसे दारात उभी राहून ‘अरे, पुरे आता’ एवढेच म्हणत असतात. म्हणून आम्ही काही पालक व शिक्षकांनी ठरवले की, मुलांकडूनच शिकून दोन खेळ स्वतः खेळायचे आणि मगच त्यांच्याविषयी चार शब्द लिहायचे. पहिला खेळ ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’. हा पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या मंडळींनी बनवला आणि तो २०२० साली बाजारात आला. दुसरा ‘गेन्शिन इम्पॅक्ट’. तो शांघायच्या ‘मिहोयो’ कंपनीचा असून तोही २०२० सालचाच, २८ सप्टेंबरचा. आपल्या बेळगाव-निपाणी भागातल्या मुलांच्या तोंडी जास्त ऐकू येते ते दुसऱ्याचे नाव. पहिल्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते.

हे दोनच खेळ निवडायला एक कारण आहे. दोघांची गोष्ट एकाच जागी सुरू होते. ‘राजी’मध्ये रक्षाबंधनाच्या दिवशी असुर हल्ला करतात आणि राजी नावाच्या मुलीचा धाकटा भाऊ गोलू याला पळवून नेतात. राजी त्याच्या शोधात निघते. ‘गेन्शिन’मध्ये दोन जुळी भावंडे जगाजगांतून प्रवास करत असतात. एक अनोळखी देवता त्यांची वाट अडवते आणि त्यातल्या एकाला घेऊन जाते. उरलेले भावंड ‘तेवात’ नावाच्या परक्या जगात जुळ्याला शोधत फिरते. मागे राहिलेला भाऊ असावा की बहीण, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. निपाणीची बहीण कागलला आणि खानापूरचा भाऊ चंदगडला, अशी नाती असलेल्या आपल्या भागात ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. भाऊबीजेला एस.टी.च्या गर्दीत उभे राहून जाणाऱ्या माणसांना ती आधीपासून पाठ आहे.

अशा खेळांना ‘रोल प्लेइंग गेम’ म्हणतात, म्हणजे भूमिका वठवण्याचा खेळ. काटेकोर बोलायचे तर ‘राजी’ला जाणकार ‘अ‍ॅक्शन अ‍ॅडव्हेंचर’ या खान्यात टाकतात, कारण त्यात पात्राची घडण बदलण्याला वाव बेताचा आहे. पण मूळ गंमत दोन्हीकडे तीच, की आपण थोडा वेळ दुसरे कोणीतरी होतो. आपल्याला ही गंमत नवी नाही. बेळगावच्या शिवजयंतीत चित्ररथांची मिरवणूक रात्र रात्र चालते, तेव्हा आपल्याच गल्लीतला, काल शाळेला उशिरा आलेला मुलगा त्या रात्री तानाजी असतो. फेटा बांधला की त्याची चाल बदलते, आवाज बदलतो. फरक एवढाच की चित्ररथावरच्या तानाजीला पुढे काय होणार हे ठाऊक असते, आणि संगणकावरच्या खेळात पुढचे पाऊल खेळणाऱ्याने टाकायचे असते.

आता एकेका खेळाकडे वळू.

‘राजी’ची जमेची बाजू म्हणजे तिचे रूप. किल्ले, महाल, जाळीदार खिडक्या, पाण्याची कुंडे यांवर राजस्थानी वास्तूंची छाप आहे. वाटेतल्या भिंतींवर चित्रे रंगवलेली आहेत. त्यांच्यासमोर उभे राहिले की दुर्गा आणि विष्णू यांच्या कथा ऐकू येतात. निवेदन करणारेही हेच दोघे. वर बसून ते राजीकडे पाहतात, तिच्याविषयी आपसात बोलतात, कधी थट्टाही करतात. राजी ही कसरती करणाऱ्या फिरत्या मंडळीतली मुलगी, त्यामुळे ती भिंतीवरून धावते, खांबाभोवती गिरकी घेते आणि त्याच चपळाईने लढते. तिला दुर्गेचा त्रिशूळ मिळतो, पुढे शार्ङ्ग धनुष्य मिळते. गोलू बाहुल्यांचे खेळ करणारा, म्हणून गोष्टीचे मधले दुवे सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवले आहेत. हे पाहताना आम्हाला घाटाखालच्या पिंगुळीची आठवण झाली. कुडाळजवळच्या या गावात कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा ठाकर समाजाने जपली आहे आणि तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कर्नाटकातही चामड्याच्या बाहुल्यांचा ‘तोगलु गोंबेयाट्ट’ आहे. जी कला आपल्या दोन्ही अंगांना आहे, ती एका संगणकीय खेळात पाहून बरे वाटले.

मधे मधे गोल चकत्या फिरवून चित्र जुळवायची कोडी येतात. चित्र जुळले की राजी आणि गोलूच्या लहानपणातला एखादा प्रसंग उलगडतो. आमच्याबरोबर बसलेल्या सहावीतल्या मुलींना लढाईपेक्षा ही कोडीच जास्त आवडली. ‘द गेम अवॉर्ड्स’ या जगभर पाहिल्या जाणाऱ्या सोहळ्यात २०२० साली पदार्पणाच्या खेळांसाठी जी नामांकने झाली, त्यांत ‘राजी’ होती. पुण्यातल्या मूठभर लोकांच्या पहिल्या कामाला ही दाद लहान नाही.

पण आपल्या माणसांनी केले म्हणून डोळे झाकून वाहवा करणे म्हणजे त्यांचाच तोटा करणे होय. ‘राजी’च्या उणिवाही ठळक आहेत. कॅमेरा आपल्या हाती नाही. तो जिथून दाखवेल तिथूनच पाहायचे, त्यामुळे कधी उडीचे अंतर कळत नाही आणि राजी दरीत जाते. लढाया सुरुवातीला छान वाटतात, पण तेच ते असुर पुन्हा पुन्हा येतात आणि वार लागला की हुकला हे हाताला नीट जाणवत नाही. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे शेवट. पाच-सहा तासांत खेळ आटोपतो आणि तोही अचानक. इतका वेळ आपण ज्या भेटीसाठी धावलो, तिचे समाधान पदरात पडायच्या आत पडदा पडतो. आमच्यातल्या एका मुलीने ‘आणि मग?’ असे विचारले आणि त्याला खेळात उत्तर नव्हते.

‘गेन्शिन’ची गोष्ट याच्या उलट. तिथे ‘मग?’ या प्रश्नाला उत्तर देणे कधी थांबतच नाही. तेवात हे सात राज्यांचे जग आहे आणि वारा, खडक, वीज, वनस्पती, पाणी, अग्नी व बर्फ अशी सात तत्त्वे त्यात चालतात. दिसेल तो डोंगर चढता येतो, दम संपला की मात्र खाली पडायचे. उंचावरून पंख पसरून तरंगता येते. तत्त्वांचा मेळ फार हुशारीने घातला आहे. भिजलेल्या शत्रूवर बर्फाचा मारा केला की तो गोठतो, पाण्यात वीज सोडली की आसपासच्यांनाही झटका बसतो, गवताला आग लागते आणि ती आपल्यालाही पोळते. विज्ञानाच्या तासाला जी मुले मागच्या बाकावर बसतात, ती इथे ‘आधी पाणी, मग वीज’ असा क्रम अचूक सांगत होती. चार जणांना एकत्रही खेळता येते. कारागिरी म्हणून पाहिले तर ‘राजी’ आणि ‘गेन्शिन’ यांची बरोबरीच नाही. एकीकडे छोटी कार्यशाळा, दुसरीकडे मोठा कारखाना.

या कारखान्याकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. ‘मिहोयो’ ही कंपनीही शांघायच्या विद्यापीठातल्या तीन मित्रांनी २०१२ साली काढली. त्यांनी तेवातमधले ‘लियुए’ हे राज्य चिनी डोंगर, चिनी घरे, चिनी सण यांवर उभारले. २०२२ च्या जानेवारीत त्यांनी ‘युन जिन’ नावाचे पात्र आणले. ती चिनी संगीत नाटकातली गायिका. तिच्या तोंडी पारंपरिक ढंगाचे गाणे घातले आणि ज्यांनी आयुष्यात चिनी नाटक पाहिलेले नाही अशा देशोदेशीच्या मुलांनी ते ऐकले. आपल्याकडे संगीत नाटक आहे, दशावतार आहे, पोवाडा आहे, शेजारी यक्षगान आहे. यांपैकी काय जगाला ऐकवायचे आणि कसे, हा प्रश्न आपल्यासाठी उघडाच आहे.

‘गेन्शिन’च्या उण्या बाजूकडे आता पालकांनी विशेष लक्ष द्यावे. हा खेळ फुकट मिळतो. मग कंपनी चालते कशावर? तर सोडतीवर. नवे पात्र हवे असेल तर ‘विश’ नावाची सोडत काढायची. एका सोडतीला १६० प्रिमोजेम लागतात. हे खेळातले चलन खेळून थोडे थोडे मिळते, किंवा खरे पैसे देऊन मिळवता येते. सर्वांत वरच्या, म्हणजे पाच ताऱ्यांच्या पात्राची शक्यता एका सोडतीत ०.६ टक्के आहे, हजारात सहा. नव्वदाव्या सोडतीपर्यंत पाच ताऱ्यांचे एक पात्र नक्की मिळते, पण ते आपल्याला हवे तेच असेल याची पहिल्या वेळी खात्री नसते. ते दुसरेच निघाले तर पुढच्या वेळी मात्र हवे ते मिळते.

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत करून पाहावे. एका सोडतीत न मिळण्याची शक्यता ०.९९४. पन्नास सोडतींत एकदाही न मिळण्याची शक्यता काढायची तर ०.९९४ ला स्वतःनेच पन्नास वेळा गुणायचे. उत्तर येते सुमारे ०.७४. म्हणजे पन्नास वेळा प्रयत्न करणाऱ्या शंभर मुलांपैकी साधारण चौऱ्याहत्तर मुलांच्या हाती ते पात्र लागणार नाही. नव्वद सोडतींचा हिशेब १४,४०० प्रिमोजेम होतो. आम्ही फळ्यावर हे मांडले तेव्हा मुले एकदम गप्प झाली. आकडे त्यांना तोंडपाठ होते, पण त्यांचा गुणाकार कोणी केला नव्हता. उरुसात रिंग टाकून साबण जिंकायचे दुकान असते, त्याच्याशी या सोडतीचे नाते जवळचे आहे. फरक असा की उरूस चार दिवसांत उठतो.

हे फक्त आम्हालाच खटकले असे नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये या खेळाच्या तिथल्या कंपनीशी तडजोड केली. त्यात दोन कोटी डॉलर भरायचे आणि सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीवाचून अशा सोडती विकायच्या नाहीत, असे ठरले. खुद्द चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांच्या ऑनलाईन खेळावर शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. आपल्या देशात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन खेळांविषयी कायदा झाला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. पात्रांच्या सोडतीत पैसे जिंकण्याची आशा नसते, ते फक्त जातात. त्यामुळे पहारा घरालाच द्यावा लागेल.

पैशांखेरीज वेळेचाही प्रश्न आहे. रोज चार छोटी कामे ठेवलेली असतात, ती केली की बक्षीस. एक दिवस चुकला की बक्षीस गेले. साधारण दीड महिन्याला नवा भाग येतो. ज्या भावंडाच्या शोधात आपण निघालो, त्याची गाठ मधेच एकदा पडते, पण ते सोबत यायला तयार होत नाही आणि प्रवास पुढे चालू राहतो. २०२० पासून पाच वर्षांहून अधिक काळ नवनवे भाग येतच राहिले. आठवीतल्या एका मुलाला आम्ही विचारले, ‘अरे, बहीण सापडली का शेवटी?’ तो म्हणाला, ‘ते इसरूनच गेलो बघा सर. आता नवीन पात्राचं चाललंय.’ हे उत्तर आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. बहिणीच्या शोधात निघालेला खेळाडू वाटेत सोडतीच्या रांगेत उभा राहिला आणि कशासाठी निघालो होतो तेच विसरला. ‘राजी’ वेळेआधी संपते हा दोष खरा, पण ती खेळणारी एकही मुलगी गोलूला विसरली नाही.

आता भाषेचे पाहू. आपली मुले घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि खेळात इंग्रजी अशा चार भाषांत वावरतात. ‘गेन्शिन’चा मजकूर पंधरा भाषांत आहे, त्यांत भारतातली एकही भाषा नाही. ‘राजी’चे संवाद आधी इंग्रजीत होते, पुढे हिंदी आवाज आले. म्हणजे पुण्यात जन्मलेली राजीही आपल्याशी मराठीत बोलत नाही. याचे वाईट वाटते. पण एक गोष्ट पाहून धीरही आला. मधल्या सुट्टीत कट्ट्यावर बसून मोठी मुले लहानांना या खेळांतली गोष्ट सांगत होती, आणि ती अस्सल मराठीत. ‘तो डोंगर हाय न्हवं, त्याच्या पाठीमागं एक देऊळ, त्यात उतरायचं तर आधी दिवा पेटवाया लागतोय.’ इंग्रजीत वाचलेले त्यांनी मनात मराठी केले होते. हे काम कोणत्याही कंपनीने केलेले नाही, ते आपल्या मुलांनी केले. जिथे मुलांना सांगावेसे वाटते तिथे भाषेला मरण नाही. मात्र त्यासाठी सांगण्याजोगी गोष्ट आणि ऐकणारे कान दोन्ही हवेत.

तेव्हा गुण कोणाला द्यायचे? हात बसावा, डोके चालावे, जग मोठे दिसावे या दृष्टीने ‘गेन्शिन’ पुढे आहे, यात शंका नाही. घरात आणण्याच्या दृष्टीने आम्ही ‘राजी’च्या बाजूने मत देतो. एकदाच पैसे द्यायचे, सोडत नाही, रोजची हजेरी नाही, आणि एका रविवारी नाही तर दोन रविवारी आई-वडिलांसोबत बसून पुरी करता येते. लढाई असल्यामुळे अगदी लहान मुलांना मात्र ती एकट्याने देऊ नये. ‘गेन्शिन’ खेळायचाच असेल तर बैठकीच्या खोलीत खेळावा, मोबाईलला बँकेचे खाते किंवा पैसे देण्याची सोय जोडलेली नसावी, आणि थांबण्याची वेळ सुरू करण्याआधी ठरलेली असावी. मधेच फोन हिसकावून घेण्याने भांडण होते, शिस्त लागत नाही. त्यापेक्षा जेवताना ‘आज कुठवर पोचलास?’ असे विचारावे. ज्याला त्या दिवसाची गोष्ट सांगता येते, त्याचा खेळ ठीक चालला आहे. ज्याला फक्त किती सोडती काढल्या एवढेच सांगता येते, त्याच्याकडे थोडे अधिक लक्ष द्यावे.

विश्वस्त मंडळाला आमची एक विनंती आहे. आपल्या भागातली मुले दिवाळीला अंगणात माती-दगडांचे किल्ले करतात. कोणी राजहंसगड करतो, कोणी पारगड. बुरूज कुठे, पाण्याचे टाके कुठे, चोरवाट कुठून काढायची, शत्रू आला तर कोणत्या बाजूने येईल, हे सगळे ती मातीत हात घालून ठरवतात. खेळ बनवणारे लोक नेमके हेच काम संगणकावर करतात. ‘स्क्रॅच’ नावाची साधी प्रणाली मोफत मिळते. तिच्यात ठोकळे जुळवून खेळ करता येतो आणि संवाद देवनागरीत लिहिता येतात. संगणक कक्षात आठवड्याचा एक तास यासाठी मिळाला तर वर्षाअखेरीस निदान एक छोटा खेळ आपल्या शाळेत तयार होईल. गोष्टींना तोटा नाही. शिवकालातली बेळवडीची मल्लम्मा तर मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतल्या मुलांना आपली वाटेल. खेळ ओबडधोबड होईल, उडी चुकेल, शेवट फसेल. हरकत नाही. पुण्याच्या मंडळींचा पहिला खेळही कुठे निर्दोष होता!

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणे. पुढच्या अंकासाठी तुमच्या आवडत्या खेळाविषयी एक पान मराठीत लिहून द्या. ‘मस्त आहे’, ‘भारी आहे’ एवढ्याने भागणार नाही. काय चांगले, काय उणे, आणि तुम्ही केला असतात तर काय बदलले असते, हे तिन्ही त्यात यायला हवे. कागद वर्गशिक्षकांकडे द्यावेत. वाचायला आम्ही तयार आहोत.